टायर मोठा केला की…

बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गॅरेजात मारुती जिप्सी चार लोखंडी स्टँडवर उभी आहे. चाकं काढून भिंतीला टेकवलेली, पुढचा अॅक्सल उघडा, खाली पत्र्याच्या ट्रेमध्ये काळं ऑइल ठिबकतंय. गाडी माझ्या मेव्हण्याची. लष्करी लिलावातून निघालेली, दोन मालक फिरून बेंगळुरूला आलेली. मिस्त्री बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्री आणि लेथ बघत वाढलेले. इथे येऊन पंचवीसेक वर्षं झाली, तरी बोलणं अजून बेळगावचंच.

मेव्हण्याच्या हातात यादी होती: स्नॉर्कल, विंच, छतावर एलईडी बार, स्पोर्ट्स एअर फिल्टर, जाड एक्झॉस्ट, पाच इंच लिफ्ट आणि सर्वांत मोठे बसतील ते टायर. मिस्त्रींनी यादी घेतली, घडी घालून खिशात ठेवली आणि विचारलं, “जाणार कुठं, साहेब?”

या एका प्रश्नावर पुढचं सगळं काम ठरतं. गोव्यात 2014पासून होणाऱ्या ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’सारख्या स्पर्धा ऐन पावसाळ्यात, तांबड्या जांभ्याच्या चिखलात होतात. तिथे खोल नक्षीचे मड टायर आणि दमदार विंच नसेल तर गाडी आहे तिथेच राहते. बेंगळुरूच्या आसपासची जमीन निराळी. रामनगर, कनकपुरा, कोलार या बाजूला ग्रॅनाइट आणि त्याच्याच जातीचा पुरातन खडक. कुठे गुळगुळीत उतरता कातळ, कुठे घराएवढे गोटे. या दगडावर चिखलाचा टायर घसरतो आणि वेग कामाला येत नाही. मेव्हण्याला कनकपुऱ्याकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या खडकाळ पडीक जमिनीवर गाडी चढवायची होती. “दगडावर पळून काय करणार?” मिस्त्री म्हणाले. “दगडावर सरकायचं असतंय.”

हँडलबारवाल्या चार चाकी एटीव्ही रिसॉर्टांत भाड्याने मिळतात, पण आपल्याकडे त्यांची रस्त्यासाठी नोंदणी होत नाही. त्यामुळे कुठेही जाणारी गाडी म्हटलं की इथली माणसं जुन्या जीपकडे, थारकडे किंवा जिप्सीकडे वळतात. जिप्सी 1985 साली आली ती सुझुकीच्या एसजे 410 वर बेतलेली. 970 सीसीचं इंजिन, ताकद पंचेचाळीस अश्वशक्तीच्या आसपास. 1996 साली 1.3 लिटरचं इंजिन आलं आणि 2000 साली त्याचं सोळा व्हॉल्व्हचं, ऐंशी अश्वशक्तीचं रूप. मेव्हण्याची गाडी या शेवटच्या पिढीतली. जिप्सी वजनाला टनभर, चारी बाजूंना स्प्रिंगचे पाटे, साधा मजबूत सांगाडा. तिची अमेरिकेतली बहीण ‘सामुराई’ या नावाने विकली गेली. तिथल्या हौशी लोकांनी तिच्यासाठी चाळीस वर्षं इतके सुटे भाग बनवले आहेत, की त्यातले बरेच आज पार्सलने बेंगळुरूला येतात. जे येत नाही ते जे. सी. रोडच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत शोधायचं, आणि तिथेही नसेल तर पीण्यातल्या लेथवर कातून घ्यायचं.

सुरुवात टायरपासून झाली, कारण मेव्हण्याने ते आधीच विकत घेऊन ठेवले होते. मिस्त्रींनी खडूने जमिनीवर हिशेब मांडला. जुना टायर 205/70 आर 15, व्यास सुमारे 668 मिलिमीटर. नवा 235/75 आर 15, म्हणजे 733. व्यास 65 मिलिमीटरने वाढला, पण अॅक्सल उचलला गेला तो त्याच्या निम्म्यानेच, सव्वातीन सेंटिमीटर. दगडावर एवढी उंचीही मोलाची असते, कारण डिफचा, म्हणजे अॅक्सलमधल्या डिफरन्शियलचा, गोळा सर्वांत खाली लोंबतो आणि आधी तोच घासतो. पण चाक दहा टक्के मोठं झालं म्हणजे प्रत्येक गिअर दहा टक्के उंच झाला. स्पीडोमीटर साठ दाखवेल तेव्हा गाडी सहासष्टवर असेल. चढावर पहिला गिअरही कमी पडायला लागेल. ब्रेकला जास्त जड आणि जास्त मोठं चाक थांबवावं लागेल. “हे आलं की ते येतंय,” मिस्त्री म्हणाले, “ते आलं की आणि एक.”

या सगळ्या कामात मी सर्वांत जास्त वेळ रेंगाळलो तो ट्रान्सफर केसपाशी, म्हणजे गिअरबॉक्सची ओढ पुढच्या-मागच्या अॅक्सलला वाटणाऱ्या, हाय आणि लो असे दोन गिअर असलेल्या डब्यापाशी. बाहेरून कुणाला दिसत नाही, गाडीच्या फोटोत येत नाही, आणि तरी पैसे खरे वसूल होतात ते इथे. जिप्सीत हा डबा गिअरबॉक्सला जोडलेला नसतो. मधे आखूड शाफ्ट टाकून तो वेगळा, रबरी माउंटिंगवर टांगलेला असतो. त्यामुळे गिअरबॉक्सला हात न लावता तो खाली उतरवता येतो. मिस्त्रींनी तो टेबलावर घेतला, बोल्ट तिरके-तिरके क्रमाने ढिले केले आणि दोन फाका वेगळ्या केल्या. आतले गिअर कापडावर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडले. पोराला बजावलं, की सुया मोजून ठेव. सुया म्हणजे नीडल बेअरिंगचे रोलर. एक जरी खाली सांडून राहिला तर डबा परत उघडावा लागतो.

सामुराईच्या मूळ गिअरांचा गुणाकार असा: पहिला गिअर 3.652, ट्रान्सफर केसचा लो 2.268, अॅक्सल 3.727. तिन्ही गुणले की जवळपास 31 येतात. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिन एकतीस फेरे मारतं. पार्सलमधून आलेल्या संचात लोचं प्रमाण 4.16 आहे. ते घातलं की हाच गुणाकार साडेछप्पन्नवर जातो. याचा अर्थ मी माझ्यासाठी वहीत काढला. आयडलवर, आठशे आरपीएमला, नव्या मोठ्या टायरवर जुन्या गिअरने गाडी तासाला साडेतीन किलोमीटरने पुढे जाते. नव्या गिअरने दोन किलोमीटरच्याही आत. क्लच न दाबता, अॅक्सिलरेटरला पाय न लावता, माणूस चालतो त्याच्या निम्म्या गतीने ती दगडावर चढत राहते. या संचात हायचा गिअरही थोडा खाली येतो आणि मोठ्या टायरने खाल्लेली ओढ तिथे परत मिळते. इंजिनातून एक अश्वशक्तीही जास्त निघालेली नाही. चाकापाशी मात्र ओढ जवळजवळ दुप्पट झाली.

अश्वशक्तीचा मुद्दा मेव्हण्याने सोडला नव्हता. फिल्टर आणि एक्झॉस्टने किती वाढेल, असं त्याने विचारलं. मिस्त्रींचं उत्तर मला आवडलं, कारण ते बेंगळुरूचं होतं. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटरवर आहे. इथे हवेचा दाब किनाऱ्याच्या तुलनेत नऊ-दहा टक्क्यांनी कमी, म्हणून कागदावरच्या ऐंशी अश्वशक्तीतली सात-आठ इंजिनाला इथे मिळतच नाहीत. फ्युएल इंजेक्शनची गाडी दाब मोजून पेट्रोल कमी करते. जुन्या कार्ब्युरेटरच्या जिप्सीला तेही जमत नाही. मुंबईत नीट चालणारी गाडी इथे गरजेपेक्षा जास्त पेट्रोल ओढते आणि जेट बदलावा लागतो. पण हरवलेली हवा कोणताच फिल्टर परत आणत नाही. त्यातून तेल लावायचा स्पोर्ट्स फिल्टर धूळ कागदी फिल्टरइतकी अडवेल याची खात्री नाही, आणि उन्हाळ्यात इथल्या मातीच्या रस्त्यांवर धूळ म्हणजे थेट पिस्टन रिंगांचं आयुष्य. खरी ताकद हवी असेल तर जुन्या बलेनोचं 1.6 लिटरचं इंजिन बसवतात. घराणं तेच असल्याने ते फारशा मारामारीशिवाय बसतं. पण ते परवानगीचं काम आहे. फिल्टर यादीतून गेला.

लिफ्टवर मात्र वाद झाला. जिप्सीत पाटे अॅक्सलच्या खालून जातात. अॅक्सलच्या वर नवे पॅड वेल्ड करून पाटे तिथे बसवले की गाडी एकदम पाचेक इंच उचलली जाते. स्वस्त आणि दिसायला भारी. मिस्त्रींनी एक-एक करून पुढचं बिल सांगितलं. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो, त्याच्या सांध्यांतले क्रॉस लवकर जातात, शाफ्टच लांब करून घ्यावा लागतो. स्टिअरिंगचा ड्रॅग लिंक पाट्याला अडतो, तो वाकडा बनवावा लागतो. ब्रेकचे होज ताणले जातात. जोर लावला की पाटे पिळवटतात आणि अॅक्सल जागच्या जागी उचकतो. पुढच्या डिफचं तोंड शाफ्टच्या सरळ रेषेत वळवलं तर कॅस्टर, म्हणजे चाक वळण्याच्या अक्षाचा कल, बिघडतो आणि हायवेवर स्टिअरिंग सैल वाटायला लागतं. आणि हे सगळं नीट केलं तरी गाडी उंच ती उंचच राहते. सामुराई कोलांटी खाते का, यावरून अमेरिकेत 1988 साली ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने रान उठवलं होतं. सुझुकीने 1996 साली खटला भरला आणि 2004 साली तडजोड झाली. चूक कुणाची यावर आजही वाद घालता येईल. पण उंच आणि अरुंद गाडीला तिरक्या उतारावर काय होतं ते भौतिकशास्त्र आहे, त्याला कोर्ट लागत नाही. खुद्द मारुतीने 1993 साली जिप्सीच्या चाकांमधलं अंतर 90 मिलिमीटरने वाढवलं होतं, हेही मिस्त्रींना पाठ.

पाच इंची लिफ्टचा बेत बारगळला. जुन्या जाड पाट्यांच्या गठ्ठ्याऐवजी पॅराबोलिक पाटे आले. हे पाटे मोजकेच असतात, मधे जाड आणि टोकांकडे निमुळते होत गेलेले, आणि एकमेकांवर पूर्ण लांबीभर घासत नाहीत. त्यामुळे गाडी उंच होण्याऐवजी चाक जास्त खाली लोंबू शकतं आणि दगडावर टेकून राहतं. शॅकलचे बुश शेजारच्या गाळ्यात कातून आणले. तिथल्या लेथवाल्याने मिस्त्रींशी कन्नडमध्ये, हमालाशी तमिळमध्ये आणि माझ्याशी हिंदीत भाव केला. भाव तिन्ही भाषांत सारखाच होता.

मागच्या डिफला लॉकर बसला. साध्या डिफमध्ये एक चाक हवेत गेलं की तेच चाक गरगर फिरत राहतं आणि जमिनीवरचं चाक गप्प बसतं. लॉकर दोघांना बांधून ठेवतो. काही जण डिफचे आतले गिअर सरळ वेल्ड करून टाकतात. तसं करू नका. डांबरावर वळताना टायर घासतात आणि एक दिवस अॅक्सल शाफ्ट तुटतो.

विंचबद्दल थोडकंच. गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट ओढणारी घ्यावी, पूर्ण जोरात ती तीन-चारशे अँपिअर मागते हे लक्षात ठेवावं, आणि दोर पोलादी तारेऐवजी सिंथेटिक घ्यावा, कारण तुटलेली तार माणूस कापते. इंजिनाला उंचावरून हवा देणारा स्नॉर्कल मिस्त्रींनी नाकारला नाही, पण त्याआधी रबरी नळी आणली. दोन्ही डिफच्या डोक्यावर श्वास घ्यायला एक बारीक ब्रीदर असतो. तापलेला अॅक्सल थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि तो सीलमधून पाणी ओढून घेतो. मग ऑइल दूध घातलेल्या चहासारखं होतं आणि बेअरिंग महिन्याभरात आवाज करायला लागतं. ब्रीदरला नळी लावून ती बॉनेटखाली उंच नेली की प्रश्न मिटला. हजारोंच्या स्नॉर्कलआधी ही नळी, एवढं साधं गणित. मिरवायच्या यादीत ती कधीच नसते.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 च्या निकालात हे पुन्हा ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. पुढचे लोखंडी बुल बार तर डिसेंबर 2017 पासूनच बंद आहेत. गॅरेजांच्या गप्पांत हे विषय हसण्यावारी नेले जातात. मला ते पटत नाही. लॉकर, बदललेले गिअर, खडकासाठी मऊ केलेले पाटे असलेली गाडी आउटर रिंग रोडच्या गर्दीत इतरांसाठी धोकाच आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट या बदलांवर ठेवेल. मेव्हण्याने शेवटी हे मान्य केलं. त्याची जिप्सी आता सार्वजनिक रस्त्यावर फिरत नाही. फ्लॅटबेड ट्रकवर चढून कनकपुऱ्याला जाते आणि तशीच परत येते. ज्यांना एकच गाडी परवडते, तिनेच ऑफिसला आणि मुलांच्या शाळेत जायचंय, त्यांनी तिला कंपनीतून आली तशीच ठेवावी.

आणि त्यांच्यासाठी मिस्त्रींचा एक फुकटचा पार्ट आहे. मातीच्या किंवा दगडाच्या वाटेला लागण्याआधी टायरमधली हवा अठरा पीएसआयपर्यंत उतरवा आणि वेग तीसच्या आत ठेवा. टायर पसरतो, दगडाला धरतो, गाडी एवढी बदलते की अर्धी खरेदी लांबणीवर पडते. परतताना डांबरावर चढण्यापूर्वी हवा पुन्हा पूर्ण भरा, नाहीतर टायर रिमवरून निसटू शकतो. म्हणजे काही विकत घ्यायचंच असेल तर आधी बारा व्होल्टचा पंप आणि चांगला प्रेशर गेज घ्या.