आधी अंतर, मग भिंग

‘चांगल्या फोटोसाठी कुठले भिंग घेऊ?’ असे कोणी विचारले, की मी उलट विचारतो, ‘फोटो कुणाचा, आणि तुम्ही उभे कुठे राहणार?’ कारण चेहऱ्याचे नाक फुगते नि कान मागे पळतात, तो दोष भिंगाचा नव्हे, जवळिकीचा! हातभर अंतरावर नाक कानांपेक्षा कॅमेऱ्याला बरेच जवळ असते. दोन मीटर मागे सरा, तो फरक नगण्य होतो. मग चेहऱ्याने चौकट भरावी म्हणून ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्याला ८५ ते १०५ मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग लावावे. लग्नघराच्या चिंचोळ्या खोलीत सारे गोत मावायला २८ किंवा ३५; भिगवणच्या पाणथळीतले रोहित पक्षी न बुजवता टिपायला ४००. रस्त्यावरच्या माणसांसाठी आंरी कार्तिए-ब्रेसाँला बहुधा ५०च पुरे होई.

मोबाइलचे मुख्य भिंग याच हिशेबाने साधारण २४ ते २८चे. तेव्हा चेहरा त्याने अगदी जवळून घेऊ नये. दोन पावले मागे जावे, कडा मागाहून कापाव्या. घरातल्या आजीचा फोटो काढताना तर हे विसरूच नका. उद्या भिंतीवर तोच राहायचा, आणि पतवंडे तिला त्याच चेहऱ्याने ओळखायची!