भूमिकाखेळांतील सामाजिक कौशल्ये

टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांत पात्राची मन वळवण्याची, थाप पचवण्याची, धाक घालण्याची आणि समोरच्याचे अंतरंग ओळखण्याची क्षमता ज्या गुणांनी दर्शवली जाते, त्यांना सामाजिक कौशल्ये म्हणतात. या खेळात चार-पाच जण मेजाभोवती बसतात. प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो. एक जण सूत्रधार होतो आणि कथेतील उरलेली सर्व माणसे, म्हणजे पहारेकरी, सावकार, मंत्री, राजे, तोच वठवतो. पात्र काय करू पाहते ते खेळाडू सांगतो आणि ते साधेल की नाही याची शाश्वती नसेल तेथे फासा टाकला जातो. लढाईच्या प्रसंगी हे सरळ असते, कारण मेजावर कोणी खरी तलवार चालवत नाही. संवादाच्या प्रसंगी मात्र पात्राबरोबर खेळाडूही खरोखर बोलत असतो. सामाजिक कौशल्यांविषयीचे बहुतेक वाद येथूनच निघतात.

स्वरूप

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाच्या २०१४ मधील पाचव्या आवृत्तीत वीस बाजूंचा फासा टाकून आलेल्या संख्येत पात्राचा कौशल्यांक मिळवतात. सूत्रधाराने ठरवलेल्या काठिण्यांकाइतकी किंवा त्याहून अधिक बेरीज झाली, की प्रयत्न सफल होतो. मध्यम अवघड कामाचा काठिण्यांक १५ असतो. मन वळवण्याचा अंक ५ असलेल्या पात्राला फाशावर किमान १० यावे लागतात, म्हणजे वीसपैकी अकरा शक्यता त्याच्या बाजूच्या असतात. काठिण्यांक २० केला, तर त्या सहाच उरतात.

मन वळवणे, फसवणे व धाक घालणे ही कौशल्ये या आवृत्तीत व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावावर आधारलेली आहेत, तर अंतरंग ओळखणे शहाणपणावर. मराठी वाचकाला येथे साम, दाम, दंड आणि भेद आठवतील. जुळणी पूर्ण होत नाही, कारण दामासाठी वेगळे कौशल्य नाही. तो पात्राच्या थैलीतूनच काढावा लागतो.

नियमांचा विकास

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूळ खेळात सामाजिक कौशल्यांची यादी नव्हती. प्रभाव हा सहा मूलभूत गुणांपैकी एक होता. त्यावरून पात्राला किती सेवक ठेवता येतील आणि ते कितपत एकनिष्ठ राहतील हे ठरे. अनोळखी प्राणी कसा वागेल, हे सहा बाजूंचे दोन फासे टाकून ठरवले जाई. बाकीचे बोलणे खेळाडूंच्या हजरजबाबीपणावर सोडलेले होते.

२००० मधील तिसऱ्या आवृत्तीने मुत्सद्देगिरी, थापेबाजी, धाक आणि हेतू ओळखणे यांना अंक दिले. २००३ च्या सुधारित नियमांत समोरच्याची वृत्ती बदलण्याचे कोष्टक आहे. त्यानुसार वैऱ्याला स्नेही करण्यासाठी ३५ आणि थेट साहाय्यक करण्यासाठी ५० बेरीज लागते. अनुभवी पात्रांचे अंक वाढत जात, त्यामुळे मिनिटभराच्या बोलण्याने कट्टर शत्रू मित्र होऊ लागला आणि कोष्टकावर बरीच टीका झाली. ती योग्यच होती. त्या शत्रूला काय हवे आहे आणि कशाची भीती आहे, हा प्रश्न कोष्टक विचारतच नव्हते.

पुढील खेळांनी वेगळे मार्ग शोधले. ल्यूक क्रेन यांच्या 'बर्निंग व्हील' मध्ये वादविवाद द्वंद्वासारखा चालतो. दोन्ही पक्ष तीन-तीन चाली गुप्तपणे आधी लिहितात, मग त्या एकेक उघडतात. जिंकणाऱ्याचाही मुद्दा वादात जेवढा खचला असेल, त्या प्रमाणात त्याला तडजोड द्यावी लागते.

वक्तृत्व आणि फासा

एक पक्ष म्हणतो की खेळाडूने प्रत्यक्ष बोलून दाखवावे आणि बोलणे पटले तर सूत्रधाराने मान्य करावे. असे केल्यास वर्गात नेहमी हात वर करणारा विद्यार्थी मेजावरही जिंकतो. अबोल विद्यार्थ्याने वाक्चतुर वकिलाचे पात्र घेतले, तरी ते पात्र मुकेच राहते. मल्लाची भूमिका घेणाऱ्याला कोणी दगड उचलून दाखवायला सांगत नाही. मग वकिलाची भूमिका घेणाऱ्याकडून भाषणाची अपेक्षा का करावी?

दुसरा पक्ष सर्व भार फाशावर टाकतो. त्यात 'मी त्याचे मन वळवतो' एवढे म्हणून खेळाडू मोकळा होतो आणि संवाद उरतच नाही. अनेक सूत्रधार मधला मार्ग घेतात. ते भाषण मागत नाहीत, तर पात्र कोणाशी बोलते, काय मागते आणि बदल्यात काय देऊ करते एवढे विचारतात. उत्तर समर्पक असेल तर काठिण्यांक उतरतो, अशक्य असेल तर फासा टाकलाच जात नाही. शब्दांचा सफाईदारपणा पात्राच्या अंकातून येतो, विचार मात्र खेळाडूचाच असावा लागतो.

रायगडावरील वाटाघाटीचे उदाहरण

फासा कोठे टाकावा आणि कोठे टाकू नये, हे महाड तालुक्यातील रायगडावर १६७४ मध्ये झालेल्या एका वाटाघाटीवरून चांगले समजते. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन मुंबईहून तहासाठी आला. तो पाचाडला पोहोचला तेव्हा महाराज भवानीच्या दर्शनासाठी प्रतापगडावर गेले होते. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून ज्या गडाकडे जाता येते, तो हा गड. वकिलाला थांबावे लागले. या काळात त्याने निराजी पंडितांशी बोलणी केली.

जंजिऱ्याच्या सिद्दीशी महाराजांनी समेट करावा, असे सुचवण्याचा ऑक्झिंडेनचा विचार होता. निराजीपंतांनी तो विषय काढू नये असाच सल्ला दिला, कारण कोणत्याही युक्तिवादाने तेथे काही साधणार नव्हते. भूमिकाखेळाच्या भाषेत येथे काठिण्यांकच नाही. मेजावर निराजीपंतांचे काम सूत्रधार करतो आणि खेळाडूने अंतरंग ओळखण्याचे कौशल्य वापरल्यावर त्याला हेच सांगतो.

व्यापाराची सवलत व राजापूरच्या लुटीची भरपाई या मागण्या मान्य झाल्या. त्यांत दोन्ही पक्षांचा लाभ होता, घासाघीस चालली ती अटींवर. ६ जून रोजी राज्याभिषेक झाला. वकिलाने हिऱ्याची अंगठी नजर केली. असा नजराणा फाशावर एक-दोन अंकांची भर घालतो. नकाराचे होकारात रूपांतर करण्याइतके बळ त्यात नसते.

दोन मागण्या जशाच्या तशा मान्य झाल्या नाहीत. कंपनीची नाणी महाराजांच्या मुलखात चालावीत, या मागणीवर उत्तर मिळाले की कोणत्याही नाण्याला बंदी नाही, पण तोटा होणारे नाणे घेण्याची सक्ती रयतेवर करता येणार नाही. नाणे वजनाला व कसाला उतरले तर ते चालेल. हे अर्धे यश आहे. वादळाने किनाऱ्याला लागलेली जहाजे परत करावीत, ही मागणी कोकणच्या रिवाजाविरुद्ध ठरली. शिवाय इंग्रजांना ती सवलत दिली असती, तर फ्रेंच आणि डचही तीच मागत आले असते.

हाच प्रसंग मेजावर मांडताना ही कारणे सूत्रधाराने आधीच लिहून ठेवावीत. फासा पडल्यावर सुचलेले कारण खेळाडूंना सबब वाटते.

खेळाडूंच्या पात्रांवरील वापर

एका खेळाडूने दुसऱ्या खेळाडूच्या पात्रावर सामाजिक कौशल्य वापरावे का, हा प्रश्न अधिक नाजूक आहे. पात्राला जखम झाली हे फाशाने सांगितलेले चालते, पात्राचे मत बदलले हे सांगितलेले बहुधा खटकते. तिसऱ्या आवृत्तीचे मुत्सद्देगिरीचे कोष्टक म्हणूनच खेळाडूंच्या पात्रांना लागू नाही.

व्हिन्सेंट बेकर यांच्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या २०१० मधील खेळात यावर वेगळा तोडगा आहे. त्यात सहा बाजूंचे दोन फासे टाकून गुणांक मिळवतात. बेरीज १० किंवा अधिक असेल तर पूर्ण यश आणि ७ ते ९ असेल तर अर्धे. गुणांक शून्य धरल्यास ३६ शक्यतांपैकी ६ पूर्ण यशाच्या, १५ अर्ध्या यशाच्या आणि १५ अपयशाच्या येतात. सूत्रधाराच्या पात्राला पटवताना अर्धे यश मिळाले, तर ते पात्र वचनावर न थांबता तिथल्या तिथे काहीतरी ठोस मागते. समोर दुसऱ्या खेळाडूचे पात्र असेल, तर पूर्ण यशात आमिष व धाक दोन्ही लागू होतात, अर्ध्या यशात त्यांतील एकच. आमिष असे की म्हणणे ऐकल्यास त्या पात्राला अनुभवाचा गुण मिळतो. धाक असा की नकार द्यायचा असेल तर त्याला स्वतः फासे टाकून जोखीम पत्करावी लागते. होकार की नकार, हे मात्र ज्याचे पात्र आहे तोच खेळाडू ठरवतो.