क्राउन-पिनियन बदलताय? हौसिंग बंद करण्याआधी दातावरचा डाग बघा

पाम, टेंभी, सालवड, कुंभवली ही गावं तारापूर एमआयडीसीला लागूनच आहेत. इथल्या रस्त्यांवर पहाटेपासून पिकअप, छोटा हत्ती, टेम्पो आणि ट्रक यांची ये-जा सुरू असते. कारखान्यांचं लोखंड आणि केमिकलचे ड्रम बोईसर-चिल्हार रस्त्याने मुंबई-अहमदाबाद महामार्गाकडे जातात. आसपासच्या पट्ट्यात सातपाटीची मासळी आणि डहाणू-घोलवडचे चिकूही अशाच गाड्यांतून फिरतात. आपल्यातल्या कितीतरी घरांची रोजी-रोटी या गाड्यांवर आहे. कुणाचा स्वतःचा टेम्पो आहे आणि त्याचा हप्ता चालू आहे, तर कुणाचा मुलगा गॅरेजमध्ये उस्तादाच्या हाताखाली काम शिकतोय.

या गाड्यांमधलं एक काम असं आहे की ते नीट झालं नाही तर मालकाचा खर्च दुप्पट होतो आणि मिस्त्रीचं नाव खराब होतं. ते काम म्हणजे मागच्या ॲक्सलमधलं क्राउन-पिनियन बसवणं. नवा, महागाचा सेट टाकला, तरी महिन्या-दोन महिन्यांत गाडी पुन्हा रडायला लागली, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. मग दोष पार्टच्या माथी मारला जातो. पुष्कळ वेळा पार्ट चांगलाच असतो, फक्त सेटिंग चुकलेलं असतं. ते बरोबर आहे की नाही, हे हौसिंग बंद करण्याआधीच कळू शकतं. त्यासाठी दातावर उमटलेला डाग वाचता आला पाहिजे.

डिफरन्शियल करतं काय?

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. दोन चाकांमध्ये १.४ मीटर अंतर असेल, तर काटकोनात वळताना बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे २.२ मीटर जास्त चालतं. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट जोडली तर वळणावर एक चाक घासत जाईल. हा फरक सांभाळायला मधे छोटे स्टार गिअर असतात. फ्रान्सच्या ओनेझिफोर पेकर यांनी वाफेच्या गाडीसाठी १८२७ मध्ये ही रचना मांडली. दोनशे वर्षं होत आली, तत्त्व तेच आहे.

दुसरं काम क्राउन-पिनियनचं. इंजिनाची ताकद प्रोपेलर शाफ्टमधून लांबीच्या दिशेने येते, तर चाकांचा ॲक्सल आडवा असतो. लहान पिनियन मोठ्या क्राउनला फिरवतो, तिथे ताकद काटकोनात वळते. पिनियनला ९ आणि क्राउनला ४१ दात असतील, तर शाफ्टचे सुमारे साडेचार फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. वेग कमी होतो आणि ओढण्याची ताकद तितकीच वाढते. भरलेला टेम्पो चढावर निघतो तो याच्या जोरावर.

हा सगळा भार एका वेळी दोन-चार दातांवरच येतो. त्यामुळे दात एकमेकांना नेमके कुठे टेकतात, यावर सगळं अवलंबून आहे. दाताच्या मधोमध टेकले तर भार पसरतो. टोकाला टेकले तर तेवढ्याच जागेवर सगळा दाब येतो, तेलाचा थर फाटतो, दात तापतो, आवाज करतो आणि शेवटी तुटतो.

चार मापं, आणि त्यांचा क्रम

पहिलं माप पिनियनच्या खोलीचं. पिनियन क्राउनच्या किती जवळ बसला आहे, हे शिम ठरवते. बहुतेक गाड्यांत शिम पिनियनच्या डोक्याजवळच्या बेअरिंगपाशी असते. ती जाड केली की पिनियन क्राउनकडे सरकतो, पातळ केली की मागे जातो. इथे हिशेब मिलिमीटरच्या शंभराव्या भागात चालतो. म्हणून अंदाजाने हातात आली ती शिम टाकणं चालत नाही. मायक्रोमीटरने मोजूनच घ्यावी.

दुसरं माप पिनियनच्या बेअरिंगच्या ताणाचं, ज्याला प्रीलोड म्हणतात. नट आवळल्यावर पिनियन मोकळा गरगर फिरता कामा नये आणि जामही होता कामा नये. हे मोजायला महागडं यंत्रच लागतं असं नाही. पिनियनच्या फ्लॅंजला दोरी गुंडाळायची आणि स्प्रिंगच्या वजनकाट्याने सावकाश, एकसारखं ओढायचं. समजा फिरत असताना काटा ५ किलो दाखवतो आणि दोरी मध्यापासून ४ सेंटिमीटरवर आहे, तर ताण झाला २० किलो-सेंटिमीटर. हा आकडा कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडून बघायचा. नव्या बेअरिंगला आणि जुन्या बेअरिंगला आकडा वेगळा असतो, हेही लक्षात ठेवा.

काही गाड्यांत दोन बेअरिंगच्या मधे दबणारी नळी असते. नट आवळला की ती दबते आणि ताण बसतो. ताण जास्त झाला तर नट थोडा सैल करून भागवू नका. दबलेली नळी परत फुगत नाही. नवी नळी टाकून पुन्हा सुरुवात करावी लागते. शंभर-दोनशे रुपये वाचवायला गेलं की बेअरिंग जातं आणि त्याच्यामागे पूर्ण सेट जातो.

तिसरं माप बॅकलॅशचं. पिनियन घट्ट धरून क्राउन मागे-पुढे हलवला की जो बारीक मोकळेपणा जाणवतो, तो बॅकलॅश. डायल गेजची सुई क्राउनच्या दाताच्या बाहेरच्या टोकाला काटकोनात टेकवून तो मोजतात. लहान गाड्यांत तो साधारण ०.१३ ते ०.२५ मिलिमीटरच्या दरम्यान असतो, पण आपल्या गाडीचा आकडा पुस्तकातूनच घ्यावा. एकाच ठिकाणी मोजून थांबू नका, क्राउन फिरवत निदान चार ठिकाणी मोजा. आकड्यांत जास्त फरक आला, तर क्राउन नीट टेकलेला नाही, वाकडा आहे किंवा मागे घाण अडकली आहे असं समजा.

चौथं माप क्राउनच्या दोन्ही बाजूंच्या बेअरिंगच्या ताणाचं. ज्या गाड्यांत दोन बाजूंना चक्रीचे नट असतात, तिथे एक नट जेवढा सैल कराल तेवढाच दुसरा आवळा. म्हणजे क्राउन सरकेल पण ताण तोच राहील.

यात एक युक्ती कामाची आहे. जुनं बेअरिंग आतून जरा घासून सैल करून ठेवायचं. शिम बदलून बघताना तेच बेअरिंग वापरायचं. दर वेळी नवं बेअरिंग ठोकून काढायची आणि बसवायची पाळी येत नाही. दबणारी नळीही सेटिंग पक्कं झाल्यावर शेवटीच टाकायची.

आता डाग वाचू या

क्राउनचे दात पुसून कोरडे करा. समोरासमोरच्या दोन जागी तीन-चार दातांवर मार्किंगचा रंग पातळ लावा. बाजारात पिवळी पेस्ट किंवा निळा रंग मिळतो. पूर्वी तेलात कालवलेला शेंदूरही वापरत. पण शेंदूर म्हणजे शिसं. तो वापरलाच, तर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवू नये आणि घरात लहान मुलं असतील तर ते कपडे वेगळे धुवावेत.

रंग लावल्यावर मदतनीसाने क्राउनला थोडा अडथळा द्यावा. जाड कापडाने धरून किंवा लाकडी पट्टी टेकवून ते जमतं. मग पिनियन पाना लावून दोन्ही दिशांना फिरवा. अडथळा नसेल तर डाग पुसट येतो आणि वाचताना फसगत होते.

दाताला दोन बाजू असतात. फुगीर बाजू गाडी पुढे ओढताना काम करते, खोलगट बाजू ॲक्सिलरेटर सोडल्यावर. दोन्ही बाजूंचा डाग बघायचा. दाताचं आतलं टोक म्हणजे टो, बाहेरचं टोक म्हणजे हील, वरचा काठ म्हणजे डोकं आणि खालचा भाग म्हणजे मूळ. हे चार शब्द पक्के झाले की अर्धं काम झालं.

डाग डोकं आणि मूळ यांच्या मधे असेल, कुठल्याही काठाला भिडत नसेल आणि त्याच्या कडा मऊ असतील, तर सेटिंग चांगलं आहे. लांबीत तो मध्याच्या आसपास असावा. थोडा टोकडे झुकला तरी चालतो, कारण भार आला की तो हीलकडे सरकतो.

दोन्ही बाजूंचा डाग मुळाशी गेला असेल, तर पिनियन फार जवळ आहे. शिम कमी करा.

दोन्ही बाजूंचा डाग डोक्याच्या काठाला आला असेल, तर पिनियन फार लांब आहे. शिम वाढवा.

दोन्ही बाजूंचा डाग टोकडे सरकला असेल, तर क्राउन पिनियनच्या फार जवळ आहे. बॅकलॅश थोडा वाढवा.

दोन्ही बाजूंचा डाग हीलकडे गेला असेल, तर क्राउन लांब आहे. बॅकलॅश कमी करा, पण पुस्तकातल्या मर्यादेच्या आतच.

पहिल्यांदा डोकं आणि मूळ यांचा हिशेब जुळवा, म्हणजे पिनियनची खोली. टो आणि हील नंतर. शिम बदलली की बॅकलॅशही बदलतो, म्हणून दर वेळी दोन्ही पुन्हा मोजा. काही सेटमध्ये दाताची उंची टोपासून हीलपर्यंत सारखीच असते. त्यात लांबीच्या जागेपेक्षा खोलीलाच जास्त महत्त्व द्यायचं. जुना, चाललेला सेट परत बसवत असाल, तर नव्यासारखा सुबक डाग येईल अशी अपेक्षा ठेवू नका. त्याच्या जुन्या शिम आणि जुना बॅकलॅश लिहून ठेवा आणि तिथेच परत बसवा.

जोडी तोडू नका

क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात. दोघांवर जोडीचा सारखा नंबर कोरलेला असतो. एकाचा दात तुटला म्हणून फक्त तोच बदलला, तर डाग कधीच जुळणार नाही. भंगार बाजारातून सेट घेताना हा नंबर पहिल्यांदा बघा. काही पिनियनवर अधिक किंवा उण्याचा छोटा आकडाही असतो. शिम किती घ्यायची यासाठी तो असतो, त्याचा अर्थ त्या कंपनीच्या पुस्तकात दिलेला असतो.

आवाज काय सांगतो?

रेस देताना रडतं आणि सोडल्यावर थांबतं, किंवा उलट होतं, तर शंका दातांवर घ्या. सतत घरघर येत असेल तर बेअरिंग बघा. फक्त वळणावर आवाज येत असेल तर स्टार गिअर किंवा चाकाचं बेअरिंग. गिअर टाकताना धाड असा धक्का बसत असेल तर आधी प्रोपेलर शाफ्टचा जॉइंट तपासा. एवढं न बघता डिफरन्शियल उघडलं, तर चांगलं सेटिंगही बिघडतं.

आपल्याकडे पावसाळ्याचा वेगळा त्रास आहे. पाणी भरलेल्या रस्त्यातून गाडी गेली की तापलेलं हौसिंग एकदम थंड होतं आणि ब्रीदरमधून किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. तेल दुधासारखं दिसलं तर उशीर न करता बदला. तेलही नीट बघून घ्या. आजच्या बहुतेक पिकअप आणि टेम्पोत हायपॉइड दात असतात. ते एकमेकांवर फिरतात तसेच घसरतातही. त्यांना जीएल-५ दर्जाचं तेल लागतं. नुसतं "गिअर ऑइल द्या" म्हणून मिळेल ते ओतू नका.

नवा सेट बसल्यावर पहिले २०-२५ किलोमीटर रिकामी गाडी आरामात चालवा आणि मग पूर्ण थंड होऊ द्या. पुढचे सुमारे ८०० किलोमीटर जास्त भार टाकू नका, त्यानंतर तेल बदला. दुसऱ्याच दिवशी क्षमतेपेक्षा जास्त लोखंड भरलं, तर उत्तम सेटिंगही टिकणार नाही.

मालकाने काय विचारावं?

गाडी गॅरेजला दिली की चार गोष्टी मागा. जोडीच्या नंबराचा फोटो, बॅकलॅशचा आकडा, दाताच्या दोन्ही बाजूंच्या डागाचा फोटो आणि टाकलेल्या तेलाचं नाव. चांगला मिस्त्री याने नाराज होत नाही, उलट त्याचं काम दिसतं. पुढे काही झालंच तर भांडण होत नाही. कागदावर आकडा आणि मोबाइलवर फोटो असतो.

आणि शिकणाऱ्या मुलांसाठी

उस्तादाचा हात आणि कान ही मोठी दौलत आहे, ती पुस्तकात मिळत नाही. पण हाताचा अंदाज मुलाला वारशात देता येत नाही, मोजलेला आकडा देता येतो. ज्या घरातला मुलगा गॅरेजमध्ये जातो, त्यांनी त्याला एक डायल गेज, एक मायक्रोमीटर आणि एक वही घेऊन द्यावी. प्रत्येक गाडीची शिम, बॅकलॅश आणि डागाचं चित्र त्याने वहीत उतरवावं. वर्षभरात ती वहीच त्याचा उस्ताद होईल.

दहावी झालेल्या मुलांना आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटार व्हेईकल हा दोन वर्षांचा आणि मेकॅनिक डिझेल हा एक वर्षाचा ट्रेड आहे. प्रवेश राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयामार्फत ऑनलाइन होतो. नंतर शिकाऊ उमेदवार म्हणून कंपनीत विद्यावेतनासह कामही मिळू शकतं. गॅरेजमधला हुनर आणि हातात सर्टिफिकेट, दोन्ही असलं की शोरूमच्या वर्कशॉपचं दारही उघडतं आणि स्वतःचं गॅरेज काढायला बँकेत उभं राहता येतं.

बॅटरीच्या गाड्या वाढत आहेत, इंजिनाची कामं हळूहळू कमी होतील. पण वळणावर दोन चाकांना वेगळा वेग द्यावाच लागेल, दात दातावर टेकतीलच. शंभराव्या भागात मोजायची सवय ज्या मुलाला लागली, त्याला काम शोधत फिरावं लागणार नाही.