चाचणी संपते कधी?

‘चाचणी’ हा शब्द किती साधा आहे! शाळेत घटक चाचणी असते, दवाखान्यात रक्ताची चाचणी होते. चाचणी झाली, निकाल हाती आला की विषय मिटला. अणुस्फोटांच्या बातम्यांतही हाच शब्द येतो आणि आपण निर्धास्तपणे पान उलटतो. १९४५ पासून जगात अशा दोन हजारांहून अधिक चाचण्या झाल्या. त्यांतल्या एकीची हकिकत वाचल्यापासून मला मात्र हा शब्द पूर्वीसारखा साधा वाटत नाही.

प्रशांत महासागरात मार्शल बेटे आहेत. प्रवाळाची, कंकणाकृती, समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन-तीन मीटर उंच. त्यांतल्या बिकिनीवरच्या १६७ रहिवाशांना अमेरिकेने मार्च १९४६ मध्ये हलवले. मानवजातीच्या भल्यासाठी आणि थोड्या दिवसांपुरते, असे त्यांना सांगण्यात आले. त्याच वर्षी जुलैत पॅरिसमध्ये पोहण्याच्या एका पोशाखाला या बेटाचे नाव मिळाले. जगाने पोशाख लक्षात ठेवला, माणसांना विसरले.

१ मार्च १९५४ रोजी भल्या सकाळी बिकिनीवर ‘ब्राव्हो’ या हायड्रोजन बॉम्बचा स्फोट झाला. अंदाज होता सहा मेगाटनांच्या आसपास. प्रत्यक्षात पंधरा मेगाटन भरले. म्हणजे हिरोशिमाच्या बॉम्बच्या सुमारे हजारपट! इंधनातला लिथियमचा जो प्रकार निष्क्रिय राहील असे शास्त्रज्ञांनी गृहीत धरले होते, त्यानेच स्फोटात भर घातली.

पूर्वेला सुमारे दीडशे किलोमीटरवर रोंगेलाप बेट आहे. तिथे काही तासांनी आभाळातून पांढरी भुकटी पडू लागली. ती होती भाजून उडालेल्या प्रवाळाची, किरणोत्सर्गी. घरांवर, अन्नावर, पिण्याच्या पाण्यात ती साचली. मुले तिच्यात खेळली. रात्रीपर्यंत अंगाची आग, उलट्या सुरू झाल्या. पुढे केस गळले. दोन दिवसांनी जहाज आले आणि लोकांना घेऊन गेले. १९५७ मध्ये ‘आता धोका नाही’ म्हणून त्यांना परत आणले. पुढच्या वर्षांत त्या मुलांपैकी बहुतेकांच्या थायरॉईड ग्रंथीत गाठी निघाल्या. स्फोटाच्या वेळी वर्षाचा असलेला एक मुलगा १९७२ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेला. अखेर १९८५ मध्ये रोंगेलापकरांनीच आपले बेट सोडले.

बिकिनीकरांचीही तीच गत. सत्तरच्या दशकात काही कुटुंबे घरी परतली, नवी माडांची लागवड झाली. पण मातीत सीझियम उरले होते. प्रवाळाच्या मातीत पोटॅशियम कमी. त्याच्यासारखेच वागणारे सीझियम झाडे शोषून घेतात. माडाला आपण कल्पवृक्ष म्हणतो. तिथे त्याच नारळातून विष पोटात जाऊ लागले. १९७८ मध्ये लोकांना पुन्हा हलवावे लागले. सीझियमची तीव्रता निम्मी व्हायला तीस वर्षे लागतात. एवढ्यात घरात एक पिढी मोठी होते.

त्याच सकाळी धोक्याच्या जाहीर हद्दीबाहेर एक जपानी मच्छीमार बोट होती. तिच्यावरचे तेवीस जण त्या राखेत सापडले. बिनतारी यंत्र सांभाळणारे कुबोयामा सप्टेंबरमध्ये मरण पावले. जपान हादरला. २ एप्रिल १९५४ रोजी पंडित नेहरूंनी लोकसभेत मागणी केली की, निदान चाचण्यांपुरता तरी ‘जैसे थे’ करार करा. १९६३ मध्ये अमेरिका, रशिया आणि ब्रिटनने हवेतले, पाण्यातले आणि अवकाशातले स्फोट थांबवण्याचा करार केला. जमिनीखालचे मात्र चालूच राहिले. १९७४ आणि १९९८ मध्ये पोखरणला आपणही केले. सर्वच चाचण्यांवर बंदी घालणारा १९९६ चा करार आजही अमलात आलेला नाही.

शाळेतल्या चाचणीत पेपर लिहितो त्याच्याच हाती निकाल पडतो. इथे चाचणी घेतली एका देशाने आणि निकाल लागला तो दूरच्या बेटावर राखेत खेळणाऱ्या पोरांचा. मार्शल बेटांवर १ मार्चला सार्वजनिक सुट्टी असते. ती सणाची नाही, स्मृतिदिनाची. आपल्या कॅलेंडरवर त्या तारखेला काही लिहिलेले नसते. पण पुढच्या वेळी ‘यशस्वी चाचणी’ असा मथळा दिसला, तर एक प्रश्न आपण जरूर विचारावा : राख कुणाच्या अंगणात पडली?