ग्राफिक्स कार्डाचें कंट्रोल पॅनेल कां उघडत नाहीं?

(नभोवाणीवरील भाषण)



संगणक वापरणाऱ्या पुष्कळांच्या वांट्याला केव्हां ना केव्हां येणारी एक अडचण आज मीं भाषणासाठीं निवडली आहे. संगणक सुरू होतो, पडद्यावर चित्र नीट दिसतें, पत्रव्यवहार होतो, चित्रपटही पाहतां येतो. पण ग्राफिक्स कार्डाची मांडणी बदलण्यासाठीं जें कंट्रोल पॅनेल दिलेलें असतें, तें मात्र कांहीं केल्या उघडत नाहीं. त्याच्या चिन्हावर दोनदां टिचकी मारली कीं, क्षणभर पडद्यावर चक्र फिरतें आणि पुन्हां सर्व सामसूम होतें. कधीं एखादा इंग्रजी संदेश येतो. परंतु त्याचा अर्थ न कळल्यामुळें मनाचा गोंधळ अधिकच वाढतो.

ही अडचण दिसावयास क्षुल्लक, पण तिच्यापायीं होणारें नुकसान क्षुल्लक नसतें. तालुक्याच्या गांवीं लग्नाच्या चित्रफिती जोडून देणारा एखादा तरुण डोळ्यांसमोर आणा. त्याच्या साऱ्या सामानांत हें कार्ड बहुधा सर्वांत किंमती. ऐन लग्नसराईंत पॅनेल उघडेनासें झालें कीं, कार्डच गेलें असें त्यास वाटतें. मग कोणी तरी त्यास नवें कार्ड घ्या म्हणून सांगतो, तर दुसरा कोणी सगळा संगणक पुसून विंडोज नव्यानें घाला असें सुचवितो. पहिल्या सल्ल्यानें वर्षाची शिल्लक जाते. दुसऱ्यानें, जर वेगळी प्रत ठेवलेली नसेल तर, दहा घरच्या लग्नांचीं चित्रें जातात. आणि बहुतेक वेळां हे दोन्ही उपाय म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला अशांतलाच प्रकार असतो.

असें कां म्हणतों तें समजण्यासाठीं प्रथम तीन वस्तु एकमेकींपासून वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. पहिली वस्तु म्हणजे खुद्द कार्ड. हें चित्रें तयार करणारें यंत्र. दुसरी वस्तु ड्रायव्हर. विंडोजची भाषा कार्डाला कळत नाहीं आणि कार्डाची विंडोजला कळत नाहीं. या दोहोंमध्यें बसणारा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. तिसरी वस्तु म्हणजे आपलें कंट्रोल पॅनेल. तें चित्र काढीत नाहीं कीं भाषांतरही करीत नाहीं. आपला अर्ज घेऊन तो दुभाष्याकडे पोंचविणारी ती केवळ कचेरींतील खिडकी आहे. खिडकी बंद असली म्हणून आंतलें काम बंद पडलें असें होत नाहीं. माझ्या मतें या विषयांत समजून घ्यावयाचें मुख्य तें इतकेंच; बाकीचा सगळा तपशील याच्याच अनुरोधानें लावावयाचा.

तेव्हां पॅनेल उघडत नसेल तर पहिला प्रश्न हा विचारावा कीं, कार्ड आणि दुभाषी आपलें काम करीत आहेत कीं नाहीं? याची परीक्षा अगदीं सोपी आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. त्यांतील परफॉर्मन्स या भागांत २०१७ पासून विंडोज १० मध्यें ग्राफिक्स कार्डाचा आलेखही दिसूं लागला. तेथें कार्डाचें नांव असेल, आणि एखादा खेळ किंवा चित्रफीत सुरू करतांच आलेखाची रेषा वर चढत असेल, तर कार्ड धडधाकट आहे व दुभाषीही जागेवर आहे असें खुशाल समजावें. फार जुन्या कार्डांचा आलेख तेथें दिसत नाहीं, एवढा अपवाद लक्षांत ठेवावा.

एवढें कळलें कीं अर्धी धास्ती जाते. उरलेल्यांपैकीं कांहीं कामें तर पॅनेलवांचूनही होतात. पडदा सेकंदाला किती वेळां चित्र पालटतो तो दर विंडोजच्या सेटिंग्जमध्यें, डिस्प्लेच्या प्रगत भागांत, बदलतां येतो. संगणकांत दोन ग्राफिक्स यंत्रें असतील तर कोणत्या कार्यक्रमानें कोणतें वापरावें हेंही २०१८ पासून तेथेंच ग्राफिक्स या मथळ्याखालीं ठरवितां येतें. चित्रफिती जोडणाऱ्या आपल्या तरुणाला आजची रात्र निभावून नेण्यास इतकें बहुधा पुरतें; मग पॅनेलाची चौकशी उद्यां सावकाश करावी.

आतां ही खिडकी बंद कां होते तें पाहूं. येथें पडद्यावर बोट ठेवून दाखविण्याची सोय मला नाहीं, म्हणून जरा विस्तारानें सांगतों.

एनव्हिडिया कंपनीच्या कार्डांच्या बाबतींत एक मोठें कारण २०१८ सालीं उत्पन्न झालें. त्यापूर्वीं ड्रायव्हर आणि कंट्रोल पॅनेल एकाच गाठोड्यांत येत. एक घातला कीं दुसरें आपोआप येई. पुढें मायक्रोसॉफ्टनें असें धोरण आंखलें कीं, ड्रायव्हर निराळा असावा आणि त्याच्या सोबतीचें दिसणारें साधन मायक्रोसॉफ्ट स्टोअर या दुकानांतून निराळें यावें. या नव्या पद्धतीच्या ड्रायव्हरांस डीसीएच अशी संज्ञा आहे. धोरणामागील हेतु वाईट नव्हता. दुभाषी आटोपशीर राहावा आणि खिडकीची डागडुजी स्वतंत्रपणें करतां यावी, हा त्यांतला विचार. इंटेलनेंही २०१९ मध्यें आपलें ग्राफिक्स कमांड सेंटर स्टोअरमधूनच दिलें. परंतु परिणाम असा झाला कीं, दुभाषी एका वाटेनें येऊं लागला आणि खिडकी दुसऱ्या वाटेनें. विंडोजनें स्वतःहून ड्रायव्हर आणला आणि त्याच वेळीं इंटरनेट तुटलें, किंवा एखाद्या कचेरींत व्यवस्थापकानें स्टोअरच बंद करून ठेविलें असलें, तर ड्रायव्हर येतो, पडदा झळकतो, पण पॅनेल येतच नाहीं. मग मोकळ्या पडद्यावर उजवी टिचकी मारली असतां यादींत त्याचें नांवच नसतें, अथवा पॅनेल सांपडत नाहीं असा संदेश येतो. वस्तु मोडलेली नसून ती पोंचलेलीच नाहीं! अशा वेळीं स्टोअर उघडून एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल हें नांव शोधावें आणि तें उतरवून घ्यावें. त्यास मूल्य पडत नाहीं. पॅनेल आलेलें असूनही उघडत नसेल तर सेटिंग्जमधील ॲप्सच्या यादींत त्यावर जाऊन, प्रगत पर्यायांतील रिपेअर आणि त्यानें न भागल्यास रिसेट, हे दोन उपाय करून पहावे. २०२४ च्या नोव्हेंबरांत याच कंपनीनें एनव्हिडिया ॲप नांवाचें नवें साधन पक्क्या स्वरूपांत आणलें. पॅनेलमधील बऱ्याच सोयी त्यांत आल्या असल्यामुळें ज्यांचें जुनें पॅनेल फारच हट्ट धरतें त्यांना ही दुसरी खिडकीही पाहतां येईल.

दुसरें कारण अधिक सूक्ष्म आहे. पॅनेलाचा अर्ज ड्रायव्हरपर्यंत पोंचविण्यास पडद्याआड एक सेवा चालू असावी लागते. तिचें नांव एनव्हिडिया डिस्प्ले कंटेनर एलएस. ही सेवा थांबली कीं, पॅनेल टिचकीला दाद देत नाहीं. ती थांबते कशी? पुष्कळदां आपणच थांबवितों. संगणक चपळ करण्याचे जे सतराशें साठ उपाय जिकडे तिकडे सांगितले जातात, त्यांत 'अनावश्यक सेवा बंद करा' हा एक असतोच, आणि त्या झाडलोटींत केरासोबत हीही बाहेर जाते. शोधपेटींत सर्व्हिसेस हा शब्द इंग्रजींत लिहून ती यादी उघडावी, वरील नांव शोधावें, सुरुवातीचा प्रकार ऑटोमॅटिक ठेवावा आणि सेवा सुरू करावी. ती चालूच दिसली तर एकदां थांबवून पुन्हां सुरू करावी. मिनिटभराचें हें काम आहे, आणि माझ्या मतें विंडोज पुसण्याची भाषा बोलण्यापूर्वीं तें प्रत्येकानें करून पाहावें.

तिसरें कारण तर हसूं यावें इतकें साधें आहे. पॅनेल उघडूं जातां, 'एनव्हिडिया कार्डाला जोडलेला पडदा आपण सध्यां वापरीत नाहीं' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो. लोक या संदेशानें फार घाबरतात. परंतु तो बहुधा अक्षरशः खरा असतो. टेबलावरील मोठ्या संगणकाच्या पाठीमागें पडद्याची तार लावण्याच्या जागा दोन ठिकाणीं असूं शकतात. वरच्या बाजूस मुख्य फळीच्या, आणि खालीं आडव्या पट्टींत ग्राफिक्स कार्डाच्या. साफसफाईनंतर तार वरच्या जागेंत गेली कीं, शेजारीं कार्ड असूनही पडदा त्याला जोडलेला नसतो. तार खालीं लावली कीं काम होतें. दूरच्या संगणकावर रिमोट डेस्कटॉपनें बसलेल्यांनाही हाच संदेश दिसूं शकतो, कारण त्या वेळीं त्यांच्यापुढील पडदा कार्डाचा नसून विंडोजनें कल्पिलेला असतो. मांडीवरच्या संगणकांत मात्र पडदा पुष्कळदां प्रोसेसरमधील ग्राफिक्सलाच जोडलेला असतो. तेथें पॅनेल उघडूनही पडद्याविषयींचा भागच त्यांत नसला तर तो दोष समजूं नये.

एएमडीच्या कार्डांची तऱ्हा थोडी वेगळी. या कंपनीनें २००६ मध्यें एटीआय ही कंपनी घेतली आणि तिचें कॅटॅलिस्ट कंट्रोल सेंटर बरींच वर्षें चालविलें. तें साधन मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट या पायावर उभें असल्यामुळें, तो पाया ढळला कीं तेंही उघडत नसे. २०१५ च्या नोव्हेंबरांत त्याची जागा रेडिऑन सॉफ्टवेअर क्रिमसननें घेतली आणि २०१७ च्या डिसेंबरांत ॲड्रेनलिन आलें. या नव्या साधनाची प्रसिद्ध तक्रार म्हणजे 'आपण उघडलेलें सॉफ्टवेअर आणि संगणकांतील ड्रायव्हर यांचा मेळ बसत नाहीं' असा संदेश. येथें खिडकी आहे, दुभाषीही आहे. परंतु दुभाषी बदललेला आहे. आपण सॉफ्टवेअर घातलें तेव्हांचा ड्रायव्हर काढून विंडोज अपडेटनें रात्रींतून आपल्या पसंतीचा दुसरा बसविला, आणि खिडकीवरचा कारकून मात्र जुन्याचीच वाट पाहत बसला. यावर उपाय म्हणजे कंपनीच्या स्थळावरून आपल्या कार्डाचें संपूर्ण गाठोडें आणून ड्रायव्हर व सॉफ्टवेअर दोन्ही एकदम बसविणें. विंडोजनें पुन्हां तसें करूं नये म्हणून डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज या ठिकाणीं 'नाहीं' हा पर्याय निवडून ठेवावा.

आतां दुभाषीच गैरहजर असण्याचा प्रकार. डिव्हाइस मॅनेजर उघडून डिस्प्ले ॲडॅप्टर्स या ओळीखालीं पहावें. तेथें कार्डाच्या नांवाऐवजीं मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर असें लिहिलें असेल, तर ड्रायव्हर बसलेलाच नाहीं. विंडोजनें कसें तरी चित्र दिसावें म्हणून बदली माणूस बसविला आहे. या स्थितींत पॅनेल उघडण्याची अपेक्षाच व्यर्थ. ड्रायव्हर नव्यानें घालावा, आणि घालतांना एनव्हिडियाच्या गाठोड्यांतील कस्टम या पर्यायाखालचें क्लीन इन्स्टॉलेशन किंवा एएमडीच्या गाठोड्यांतील फॅक्टरी रिसेट निवडावें, म्हणजे जुने अवशेष निघून जातात. एवढ्यानेंही न भागल्यास डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर नांवाचें विनामूल्य साधन आहे. तें सेफ मोडमध्यें चालवावें आणि तेवढा वेळ इंटरनेट तोडून ठेवावें. नाहीं तर आपण एक ड्रायव्हर काढीत असतां विंडोज मागच्या दारानें दुसरा आणून बसवितें. आधीं रिस्टोअर पॉइंट करून ठेवण्यास मात्र विसरूं नये.

जुनें कार्ड असणाऱ्यांसाठीं एक गोष्ट मुद्दाम सांगतों. जीटी ७१० हें स्वस्त कार्ड पुष्कळांच्या घरीं आहे. त्याच्या केप्लर घराण्याला २०२१ च्या ऑक्टोबरपासून एनव्हिडियाच्या नव्या ड्रायव्हरांत स्थान उरलें नाहीं. त्यावर ताजा ड्रायव्हर घालूं गेल्यास योग्य कार्डच सांपडत नाहीं असें उत्तर मिळतें. याचा अर्थ कार्ड मेलें असा नव्हे. त्याच्यासाठीं ४७० या मालिकेंतील ड्रायव्हर घ्यावयाचा.

ड्रायव्हर कोठून घ्यावयाचा हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याचा शोध करूं लागतांच 'सर्व ड्रायव्हर एका क्षणांत दुरुस्त' अशा जाहिराती पुढें उभ्या राहतात, आणि मदतीसाठीं म्हणून दूरध्वनीचे क्रमांकही झळकतात. त्या वाटेला जाऊं नये. कार्ड तयार करणाऱ्या कंपनीचें स्थळ, किंवा मांडीवरचा संगणक असेल तर तो तयार करणाऱ्याचें स्थळ, याखेरीज तिसरें ठिकाण या कामीं मी कोणालाही सुचविणार नाहीं. फोनवरील अनोळखी मनुष्यानें आपल्या संगणकाचा ताबा मागितला तर फोन ठेवून द्यावा.

शेवटीं खरोखर कार्डच बिघडल्याची शक्यता राहते. डिव्हाइस मॅनेजरमध्यें कार्डाच्या नांवापुढें पिवळा त्रिकोण दिसतो आणि आंत ४३ हा क्रमांक असतो, तेव्हां यंत्रानेंच बिघाड कळविल्यामुळें विंडोजनें त्यास थांबविलें आहे असा त्याचा अर्थ. हाही पुष्कळदां ड्रायव्हरचाच दोष निघतो. म्हणून वर सांगितल्याप्रमाणें जुना ड्रायव्हर साफ काढून नवा घालावा. तरीही ४३ कायम राहिला तर वीज पूर्ण बंद करून कार्ड एकदां खांचेंतून काढून पुन्हां घट्ट बसवावें आणि त्याची विजेची जोडणी तपासावी. मग तें एखाद्या स्नेह्याच्या संगणकांत लावून पाहावें. तेथें तें नीट चाललें, तर दोष आपल्या संगणकाच्या खांचेंत, वीजपुरवठ्यांत किंवा विंडोजमध्यें शोधावा. तेथेंही तोच क्रमांक आला, तर कार्ड स्वतः उघडण्याच्या भरीस न पडतां त्यावरील अनुक्रमांकाची चिठ्ठी आणि खरेदीची पावती घेऊन, हमीची मुदत संपण्यापूर्वीं दुकानाची पायरी चढावी.