स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि वंश: अमेरिकेतील काही रूढ गैरसमज

अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाचे निदान झालेल्या स्त्रीवर कोणती शस्त्रक्रिया होते, याबाबत श्वेतवर्णीय, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि आशियाई स्त्रियांमध्ये फरक आढळतात. हे फरक खरे आहेत. मात्र त्यांची जी कारणे सहज सांगितली जातात, त्यांतील बरीचशी पुराव्यावर टिकत नाहीत, आणि अशा चुकीच्या कारणांमुळे व्यवस्थेतील उणिवांचा दोष रुग्ण स्त्रीच्या माथी मारला जातो.

पहिला गैरसमज शस्त्रक्रियेविषयीचाच आहे. संपूर्ण स्तन काढला की धोका संपतो, आणि केवळ गाठ काढून स्तन राखणारी शस्त्रक्रिया ही अर्धवट तडजोड असते, असे मानले जाते. या समजुतीमागे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम हॉल्स्टेड यांनी रूढ केलेली पद्धत आहे. तीत स्तनासोबत छातीचे स्नायू आणि काखेतील लसिकाग्रंथीही काढल्या जात, आणि पुढे सुमारे पाऊणशे वर्षे शल्यविशारदांनी तीच प्रमाण मानली. तिला आव्हान मिळाले ते १९७०च्या दशकात, इटलीत उंबेर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी हाती घेतलेल्या चाचण्यांतून. या चाचण्यांत कोणत्या स्त्रीवर कोणती शस्त्रक्रिया करायची हे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे, ठरवले गेले. दोन्ही चाचण्यांचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले आणि दोन्हींत स्तन राखलेल्या व स्तन काढलेल्या स्त्रियांचे आयुर्मान सारखेच आढळले. फिशर यांच्या चाचणीने आणखी एक गोष्ट दाखवली: गाठ काढल्यानंतर किरणोपचार घेतलेल्या स्त्रियांपैकी सुमारे १४ टक्क्यांच्या त्याच स्तनात रोग परतला, तर किरणोपचार न घेतलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. स्तन राखण्याचा पर्याय किरणोपचाराशी असा बांधलेला असतो, आणि वांशिक फरकांचे एक महत्त्वाचे मूळ याच ठिकाणी सापडते.

हे फरक म्हणजे त्या त्या समाजातील स्त्रियांची सांस्कृतिक आवड होय, हा दुसरा आणि अधिक हानिकारक गैरसमज आहे. किरणोपचारासाठी अनेक आठवडे, आठवड्यातून पाच दिवस केंद्रावर जावे लागते. अलीकडच्या पद्धतींनी हा काळ तीन-चार आठवड्यांवर आला असला, तरी केंद्र दूर असेल, रजा घेतल्यास रोजगार बुडत असेल किंवा विमा अपुरा असेल, तर एकाच शस्त्रक्रियेत उपचार आटोपणे भाग पडते. अशा परिस्थितीत घेतलेल्या निर्णयाला आवड म्हणणे अन्यायाचे आहे. कृष्णवर्णीय स्त्रियांना गाठ काढल्यानंतर किरणोपचार मिळण्याचे प्रमाण कमी असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. आशियाई स्त्रियांमध्ये संपूर्ण स्तन काढण्याचे प्रमाण अधिक आढळते. त्याचे एक कारण शारीरिक आहे, कारण स्तनाचा आकार लहान असला की गाठ काढल्यावर उरणारा भाग कमी राहतो. परंतु ‘आशियाई’ या एकाच रकान्यात चिनी, फिलिपिनो, व्हिएतनामी आणि भारतीय, म्हणून अमेरिकेतील मराठी स्त्रियाही, मोजल्या जातात, त्यामुळे त्या आकड्यावरून यांपैकी कोणत्याही एका समाजाविषयी अनुमान काढणे योग्य नाही.

नाइलाजाने स्तन काढावा लागण्याच्या उलट टोकाला दोन्ही स्तन काढण्याची वाढती प्रथा आहे. कॅलिफोर्नियातील १,८९,७३४ रुग्णांच्या नोंदींवर आधारलेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, एकाच स्तनात कर्करोग असताना दोन्ही स्तन काढण्याचे प्रमाण १९९८ मधील २ टक्क्यांवरून २०११ मध्ये १२.३ टक्क्यांवर गेले. ही शस्त्रक्रिया श्वेतवर्णीय, तरुण आणि खाजगी विमा असलेल्या स्त्रियांमध्ये अधिक होती, तर एकच स्तन पूर्ण काढण्याचे प्रमाण वांशिक अल्पसंख्याक आणि गरीब वस्त्यांतील स्त्रियांमध्ये अधिक होते. दोन्ही स्तन काढलेल्यांना, गाठ काढून किरणोपचार घेतलेल्यांच्या तुलनेत, अधिक आयुष्य लाभल्याचे मात्र दिसले नाही. बीआरसीए जनुकांत घातक बदल असलेल्या स्त्रियांची गोष्ट वेगळी. त्यांच्या दुसऱ्या स्तनाला खरोखरच मोठा धोका असतो. परंतु हा बदल ओळखणारी जनुकीय तपासणी आणि तिच्याविषयीचा सल्ला कृष्णवर्णीय स्त्रियांपर्यंत कमी पोहोचतो. म्हणजे ज्यांना गरज नाही त्यांच्यावर मोठी शस्त्रक्रिया होते, आणि जिला ती खरोखर उपयोगी पडेल अशी एखादी स्त्री वंचित राहते.

वांशिक फरक स्तन काढल्यानंतरच्या त्याच्या पुनर्रचनेतही दिसतो. पुनर्रचनेचा खर्च, स्तन काढण्याचा खर्च देणाऱ्या विमा योजनांनी उचलावा, असा कायदा अमेरिकेत १९९८ सालीच झाला. तरी ही तफावत त्याने मिटली नाही.

शेवटचा गैरसमज असा की, कृष्णवर्णीय स्त्रियांचे अधिक मृत्यू शस्त्रक्रियेच्या निवडीमुळे होतात. त्यांच्यात या रोगाचे प्रमाण श्वेतवर्णीयांपेक्षा किंचित कमी असून मृत्युदर मात्र सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आहे. योग्य रुग्णांत दोन्ही शस्त्रक्रियांनंतरचे आयुर्मान सारखे असल्याने ही दरी केवळ त्या निवडीने स्पष्ट होत नाही. उशिरा होणारे निदान, उपचारातील विलंब व खंड, आणि ‘ट्रिपल निगेटिव्ह’ हा, म्हणजे संप्रेरकांवरील व हर-२ प्रथिनावरील औषधांना दाद न देणारा, त्यांच्यात सुमारे दुप्पट आढळणारा प्रकार ही तिची मोठी कारणे आहेत. पैकी पहिली दोन बदलणे माणसांच्या हाती आहे. म्हणून संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी प्रत्येक स्त्रीला, तिचा वंश वा विमा कोणताही असो, स्तन राखता येईल का, किरणोपचार कोठे व किती दिवस मिळेल, जनुकीय तपासणी आवश्यक आहे का आणि पुनर्रचनेचा खर्च कोण देईल, या चार प्रश्नांची उत्तरे तिच्या भाषेत मिळालीच पाहिजेत.