मोताळ्याच्या ज्वारीचा नायजेरियन नाश्ता

नायजेरिया म्हटलं की आपल्याला एक तर फुटबॉल आठवतो, नाहीतर ‘तुम्हाला लॉटरी लागली आहे’ असा ई-मेल! त्यापलीकडे आपली माहिती शून्य. ही शून्य माहिती किती महाग पडते ते मार्च २०१७ मध्ये दिसलं. ग्रेटर नोएडात एक मुलगा बेपत्ता झाला, तेव्हा शेजारच्या नायजेरियन विद्यार्थ्यांनी त्याला खाल्लं अशी अफवा उठली. पुढे तो मुलगा वारला आणि जमावाने आफ्रिकन विद्यार्थ्यांना मारहाण केली. ही मुलं आपल्यासारखीच घर सोडून शिकायला आलेली होती.

मग ही माणसं सकाळी खरोखर खातात तरी काय? उत्तर ऐकून आमच्या मोताळ्याचा माणूस हसेल. ज्वारी आणि चवळी!

उत्तर नायजेरियातले हाउसा लोक या नाश्त्याला ‘कोको दा कोसाई’ म्हणतात, म्हणजे पेज आणि वडे. योरुबा भाषेत आंबवलेल्या पिठाच्या पेजेला ‘ओगी’ आणि चवळीच्या वड्याला ‘अकारा’ म्हणतात. इग्बो लोक पेजेला ‘अकामू’ म्हणतात. पेज मक्याची, ज्वारीची किंवा बाजरीची असते.

यात नवल नाही, कारण यातली ज्वारी मुळात तिकडचीच. ज्वारीची शेती सुमारे ५,००० वर्षांपूर्वी सुदानच्या पूर्व भागात सुरू झाली. बाजरी आणि चवळीही आफ्रिकेतलीच. साधारण साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वी ही पिकं भारतात पोचली आणि आपलीच होऊन गेली. आज जगात सर्वांत जास्त चवळी नायजेरियात पिकते.

माझे मामा काही वर्षं लागोसला नोकरीला होते. कृती त्यांची, प्रयोगशाळा मात्र आमच्या मोताळ्यातल्या स्वयंपाकघराची. एकही वस्तू बाहेरून मागवावी लागली नाही.

आधी पेज. २ वाट्या ज्वारी धुऊन ३ दिवस पाण्यात भिजत घाला. पाणी रोज बदला. उन्हाळ्यात २ दिवस पुरतात. मग मिक्सरमध्ये बारीक वाटा, भरपूर पाणी घालून पातळ फडक्यातून गाळा आणि ते पाणी रात्रभर झाकून ठेवा. सकाळी वरचं पाणी ओतून दिलं की तळाशी पांढरा, आंबूस चीक उरतो. आई हे बघून म्हणाली, “अरे, हे तं आपलं बिबड्याचंच काम झालं!” खरंच आहे. बिबड्यासाठी आपण ज्वारी अशीच भिजवतो, कुरडयांसाठी गव्हाचा चीक असाच काढतो. फरक इतकाच की आपण त्याचं वाळवण करतो, ते रोज सकाळी पितात.

एका माणसाला ४ चमचे चीक थंड पाण्यात कालवा, त्यात उकळतं पाणी घालत ढवळा आणि मंद आचेवर ५ मिनिटं शिजवा. वरून साखर, हवं तर दूध. चीक आधी थंड पाण्यात का कालवायचा? स्टार्चचे कण साधारण ७० अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी पिऊन फुगतात. कोरडा गोळा थेट गरम पाण्यात टाकला तर बाहेरचे कण आधी फुगतात, आतले कोरडेच राहतात आणि गुठळ्या होतात. आंबूसपणा लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंमुळे येतो. या आम्लात खराब करणारे बरेच जंतू टिकत नाहीत, म्हणून फ्रीज नसलेल्या घरांतही ही पद्धत शेकडो वर्षं चालली.

आता अकारा. २ वाट्या चवळी अर्धा तास भिजवून हातांनी चोळा. सालं वर तरंगतात, ती ओतून द्या. कंटाळवाणं काम आहे, दोन मित्र बसवा! मग चवळी आणखी २ तास भिजवा आणि १ कांदा, ३-४ मिरच्या घालून अगदी कमी पाण्यात वाटा. हळद, कोथिंबीर, बेसन, सोडा काही नाही. पीठ हाताने किंवा रवीने १० मिनिटं फेटा. थेंबभर पीठ पाण्यात टाकल्यावर तरंगलं की झालं. मीठ शेवटी घाला आणि शेंगदाणा तेलात चमच्याने वडे सोडून मध्यम आचेवर तळा.

सोड्याशिवाय वडे फुगतात ते फेटण्यामुळे. चवळीतली प्रथिनं हवेच्या बुडबुड्यांभोवती पातळ पडदा धरतात आणि तेलात तो पडदा घट्ट होतो. सालाचे तुकडे राहिले तर बुडबुडे फुटतात आणि वडा दगड होतो. एवढी मेहनत सालांवर का, ते आता कळलं असेल.

जोडीही विचारपूर्वक आहे. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, चवळीत ते भरपूर असतं. शिवाय चीक गाळताना ज्वारीची काही प्रथिनं चोथ्यात जातात, ती उणीव वडे भरून काढतात. आपली भाकरी आणि वरण हेच करतात. आणि लागोसमध्ये अकारा पावात घालूनही खातात. म्हणजे वडापाव तिकडेही आहे!

होस्टेलवर हीटर चालत नाही हे मला ठाऊक आहे. त्यामुळे रेक्टर सरांच्या नजरेत येऊ नका. सुट्टीत घरी करा, किंवा मेसच्या काकांना एका रविवारसाठी पटवा. ३ दिवस आधी ज्वारी भिजवायची तेवढी आठवण ठेवा.

भाकरीला ‘गरिबाचं खाणं’ म्हणत आपण ज्वारी ताटातून बाजूला सारत आहोत आणि ज्या खंडातल्या लोकांनी ती पहिल्यांदा पेरली त्यांच्याबद्दल अफवा ऐकतो आहोत. उद्या आपल्या कॉलेजात किंवा पुण्यात नोकरीच्या ठिकाणी एखादा नायजेरियन मुलगा भेटला, तर त्याला ‘अकारा’ आणि ‘ओगी’ हे दोन शब्द म्हणून बघा. पुढचं बोलणं आपोआप सुरू होईल.